बाबासाहेबांचे प्राध्यापक : जॉन ड्यूई



यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने ‘शिक्षक’ हा विषय दिला आहे. आपल्या मंडळात शाळा-कॉलेजांत शिकवणारी मंडळी बरीच आहेत. त्यांच्यासमोर मी या विषयावर लिहिणे म्हणजे सूर्यापुढे काजव्याने चमकण्यासारखे आहे. त्यातून मी पडलो डिप्लोमावाला, लोको शेडमध्ये पाने-बेअरिंगांच्या सहवासात वीस वर्षे काढलेला. तरीही एका शिक्षकाविषयी लिहावेसे वाटते. मी त्यांना पाहिलेले नाही, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ते वारले. ते मराठी नव्हते, भारतीयही नव्हते. पण आपल्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ते शिक्षक होते. नाव प्रा. जॉन ड्यूई.

हे नाव मला प्रथम भेटले ते बाबासाहेबांच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या पुस्तकात. शेडमधल्या एका टेक्निशियन सहकाऱ्याने ते वाचायला दिले होते. त्यात एके ठिकाणी बाबासाहेब सांगतात की प्रा. ड्यूई माझे शिक्षक होते आणि त्यांचे माझ्यावर मोठे ऋण आहे. बाबासाहेबांसारखा माणूस ज्याचे ऋण जाहीरपणे मान्य करतो तो शिक्षक होता तरी कसा, या कुतूहलाने मिळेल ते वाचत गेलो. त्यातून हाती लागले ते वाचकांसमोर ठेवतो आहे.

दुकानदाराचा मुलगा

जॉन ड्यूई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ चा. अमेरिकेच्या ईशान्येला व्हर्मांट नावाचे लहानसे राज्य आहे, तिथल्या बर्लिंग्टन गावचा. वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. मुलगा लाजाळू, पुस्तकांत रमणारा. गावातल्याच विद्यापीठातून १८७९ साली तो पदवीधर झाला आणि पेनसिल्व्हेनिया राज्यातील ऑइल सिटी या गावी हायस्कूलचा मास्तर म्हणून रुजू झाला. दोन-तीन वर्षे शाळेत शिकवल्यावर पुढे शिकायचे ठरवले आणि १८८४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. नंतरची दहा वर्षे, मधले एक सोडले तर, मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवले. तिथेच ॲलिस चिपमन या विद्यार्थिनीशी परिचय झाला आणि १८८६ मध्ये लग्न झाले. ॲलिसबाई स्वतः शाळेत शिकवून आलेल्या, विचारांनी स्वतंत्र. पुस्तकी तत्त्वज्ञानात बुडालेल्या नवऱ्याला भोवतालच्या माणसांच्या प्रश्नांकडे वळवण्यात त्यांचा वाटा मोठा होता, असे ड्यूईंच्या मुलींनी लिहून ठेवले आहे.

इथपर्यंतची कथा चारचौघांसारखीच. पुढे मात्र गाडीने रूळ बदलला, आणि तोही खरोखरच्या रेल्वेच्या रुळांवर!

संपाच्या दिवसांतले शिकागो

१८९४ साली शिकागो विद्यापीठाने ड्यूईंना बोलावले. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र अशा तिन्ही विषयांच्या विभागाचे ते प्रमुख होणार होते. वय ३४. जुलैच्या सुरुवातीला ते शिकागोला निघाले, आणि नेमके त्याच वेळी अमेरिकेतील रेल्वे ठप्प होत होती.

आपल्यासारख्या रेल्वेवाल्यांना हा भाग सांगायला हवा. शिकागोच्या दक्षिणेला जॉर्ज पुलमन यांचा झोपण्याचे डबे बांधण्याचा कारखाना होता. कारखान्याभोवती कंपनीनेच वसवलेले गाव होते आणि त्याचे नावही पुलमनच. घर कंपनीचे, भाडे कंपनीला. १८९३ ची मंदी आली तशी कंपनीने कामगारांची मजुरी कापली, घरभाडे मात्र होते तेवढेच ठेवले. ११ मे १८९४ रोजी कामगारांनी काम थांबवले. जूनअखेर युजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने जाहीर केले की ज्या गाडीला पुलमनचा डबा जोडलेला असेल ती गाडी आमचा माणूस हाताळणार नाही. शिकागोपासून पश्चिमेकडची वाहतूक जवळजवळ थांबली. टपालाच्या गाड्या अडल्याचे कारण दाखवून केंद्र सरकारने न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवला आणि सैन्य उतरवले. गोळीबार झाला, माणसे मेली, संप मोडला, डेब्ज तुरुंगात गेले.

आपल्यापैकी ज्यांचे वडील रेल्वेत होते त्यांच्या घरी मे १९७४ च्या वीस दिवसांच्या संपाच्या गोष्टी आजही निघतात. क्वार्टर रिकामे करण्याच्या नोटिसा, रात्री दारावर पडणारी थाप. त्यामुळे पुलमन गावच्या घरांत त्या दिवसांत काय चालले असेल हे मला पुस्तकाबाहेरही थोडे समजते.

ड्यूईंना त्या प्रवासात युनियनचा एक कार्यकर्ता भेटला. त्याच्याशी झालेल्या बोलण्याने ते इतके भारावून गेले की त्यांनी पत्नीला पत्रातून ते सविस्तर कळवले. ॲलिसबाई तेव्हा मुलांसह युरोपात होत्या. विद्यापीठातले बहुतेक सुशिक्षित लोक संपकऱ्यांना नावे ठेवत होते. ड्यूईंना मात्र प्रश्न पडला : रुळांवर काम करणारा माणूस आणि विद्यापीठात विचार करणारा माणूस यांना एकमेकांचे जगणे दिसतच नसेल, तर एकत्र राहणार कसे? शिकागोत जेन ॲडम्स या बाईंनी गरीब वस्तीत ‘हल हाऊस’ नावाचे केंद्र चालवले होते. परदेशांतून आलेले मजूर, त्यांच्या बायका, प्राध्यापक, विद्यार्थी सगळे तिथे एका टेबलाशी बसत. ड्यूई तिथे नियमित जाऊ लागले. पुढे आपल्या एका मुलीचे नाव त्यांनी जेन ठेवले.

सोळा मुलांची शाळा

जानेवारी १८९६ मध्ये विद्यापीठाच्या आश्रयाने ड्यूईंनी एक शाळा काढली. पहिल्या दिवशी मुले सोळा आणि शिक्षक दोन. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते तशी शिक्षणशास्त्रालाही लागते, असे त्यांचे म्हणणे होते, म्हणून लोक तिला ‘लॅबोरेटरी स्कूल’ म्हणू लागले. १९०२ पर्यंत मुलांची संख्या १४० झाली. ही शाळा वेगळ्या रूपात आजही सुरू आहे.

शाळेसाठी बाके घ्यायला ड्यूई शहरभर फिरले, पण मनासारखी मिळेनात. शेवटी एका दुकानदाराने, इतरांपेक्षा तो जरा चौकस असावा, नेमके कारण सांगितले : तुम्हाला मुलांना काम करता येईल असे काहीतरी हवे आहे, आमच्याकडची बाके नुसती ऐकण्यासाठी केलेली आहेत. ड्यूईंनी हा किस्सा १८९९ च्या आपल्या पुस्तकात नोंदवला आहे. शंभराहून अधिक वर्षे लोटली, पण आपल्या मुलांचे वर्ग डोळ्यांपुढे आणा. बाके अजून ऐकण्याचीच आहेत.

त्या शाळेत मुले सुतारकाम करीत, स्वयंपाक करीत, सूत कातत, विणत. हात गुंतून राहावेत किंवा पुढे धंदा मिळावा एवढाच त्यामागे हेतू नव्हता. एक उदाहरण देतो. मुलांसमोर मेंढीची लोकर आणि कापसाची बोंडे ठेवली. कापसातून सरकी वेगळी करायची होती. अर्धा तास बोटांनी खटपट केल्यावर एका गटाच्या हाती एक औंससुद्धा, म्हणजे आपल्या हिशेबात तीस ग्रॅमही, रुई आली नाही. तेव्हा मुलांना आपोआप उमगले की त्यांच्या पूर्वजांनी कापसाआधी लोकरीचे कपडे का घातले, आणि सरकी काढणाऱ्या यंत्राने जगात एवढी उलथापालथ का केली. तिथून धाग्याची लांबी आली, यंत्रांचा इतिहास आला, व्यापार आला, भूगोल आला. वऱ्हाड-खानदेशातून आलेल्या आपल्यातल्या लोकांनी लहानपणी सरकी काढलेली आहे. पण त्या सरकीतून इतिहासाकडे जाता येते, हे आम्हाला कुठल्या शाळेने सांगितले नाही. इतिहासाचा तास वेगळा आणि शेतातले काम वेगळे, शिवाय पहिले प्रतिष्ठेचे आणि दुसरे नाइलाजाचे.

ड्यूईंचे म्हणणे थोडक्यात मांडायचे तर असे : माणूस काही करू लागतो, अडतो, का अडलो याचा विचार करतो, उपाय सुचवतो आणि तो पुन्हा करून पाहतो. विचार म्हणजे हेच. करणे वेगळे आणि जाणणे वेगळे अशी फाळणी मुळात खोटी आहे. जुन्या समाजांत कष्ट करणारे एक आणि बसून विचार करणारे दुसरे असत, त्या माणसांमधल्या फाळणीतून ज्ञानाची फाळणी आली, असे ते दाखवून देतात.

आता कुणी म्हणेल, म्हणजे मुलांना वाटेल ते करू द्यायचे काय? हा आक्षेप त्यांच्या हयातीतच आला, आणि त्यांच्या काही अनुयायांनी खरोखरच तसा गोंधळ घातला. ७८ वर्षांच्या ड्यूईंनी १९३८ मध्ये ‘एक्सपीरिअन्स अँड एज्युकेशन’ हे छोटे पुस्तक लिहून त्यांचेही कान उपटले. प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही, काही अनुभव माणसाला उलट बोथट करतात. कोणता अनुभव पुढच्या शिकण्याची वाट उघडतो हे ओळखणे शिक्षकाचे काम, आणि त्याला घोकून घेण्यापेक्षा जास्त तयारी लागते.

कोलंबियातला वर्ग

शिकागोत विद्यापीठाच्या अध्यक्षांशी शाळेच्या कारभारावरून मतभेद झाले. ॲलिसबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यांच्या पदाचाही वाद त्यात होता. १९०४ साली ड्यूईंनी राजीनामा दिला. थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले.

जुलै १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन २२ वर्षांचे भीमराव आंबेडकर याच विद्यापीठात आले. १९१६ पर्यंत ते तिथे होते. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असूनही ते ड्यूईंच्या वर्गात बसले. ड्यूईंचा ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ हा सर्वांत गाजलेला ग्रंथ १९१६ चाच. म्हणजे तो ग्रंथ आकार घेत होता त्याच वर्षांत बाबासाहेब त्या वर्गात होते.

वर्गात ड्यूई कसे शिकवत? ऐकले तर आपला अपेक्षाभंगच होईल. आयर्विन एडमन या विद्यार्थ्याने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. खुर्चीत बसायचे, हातातला कागद चुरगाळायचा, खिडकीबाहेर कुठेतरी बघत हळूहळू, थांबत थांबत बोलायचे. पहिल्या तासाला मुलांना कंटाळा येई. पण घरी जाऊन टिपणे वाचली की लक्षात येई, हा माणूस पाठ केलेले सांगत नव्हता, आपल्यासमोर बसून प्रत्यक्ष विचार करीत होता. माईसाहेब आंबेडकरांनी सांगितलेली एक आठवण आहे : कोलंबिया सोडून तीसहून अधिक वर्षे झाली तरी बाबासाहेब ड्यूईंच्या वर्गातल्या लकबींची हुबेहूब नक्कल मोठ्या आनंदाने करून दाखवीत. शिक्षकाची नक्कल सगळेच विद्यार्थी करतात, पण आवडत्या शिक्षकाची नक्कल करताना चेहऱ्यावर जे येते ते वेगळे असते.

मुख्य गोष्ट अर्थात विचारांची. लोकशाही म्हणजे केवळ मतदान आणि सरकार असे ड्यूई मानत नसत. त्यांच्या दृष्टीने ती एकत्र जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे. गटागटांमध्ये भिंती असतील आणि एकाचे सुखदुःख दुसऱ्यापर्यंत झिरपतच नसेल, तर निवडणुका होऊनही तो समाज लोकशाहीचा नव्हे. या झिरपण्यासाठी जीवशास्त्रातला ‘एंडॉस्मॉसिस’ हा शब्द ते वापरत, म्हणजे पातळ पडद्यातून एका बाजूचा द्रव दुसऱ्या बाजूला जाणे. बाबासाहेबांनी हाच शब्द उचलला. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी तो अस्पृश्यांच्या स्थितीला लावला.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण तयार केले. मजकूर मंडळाला पचला नाही, परिषद रद्द झाली, म्हणून त्यांनी ते स्वखर्चाने छापले. तेच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. जात म्हणजे कामाची वाटणी असे समर्थन करणाऱ्यांना त्यात उत्तर आहे : ही वाटणी कामाची नसून काम करणाऱ्या माणसांचीच आहे, आणि तीही उतरंडीची. करणारा खाली आणि जाणणारा वर ही जी भिंत ड्यूईंना अमेरिकेच्या शाळेत आणि कारखान्यात दिसली, ती आपल्याकडे जन्मानेच ठरते हे बाबासाहेबांनी ओळखले. समाजाने जुने सारेच पुढच्या पिढीच्या माथी मारू नये, भविष्य चांगले करील तेवढेच निवडून द्यावे, हा विचारही त्यांनी तिथे ड्यूईंचे नाव घेऊनच मांडला.

बाबासाहेब ड्यूईंची नुसती री ओढणारे नव्हते. चर्चेने आणि समजुतीने समाज हळूहळू सुधारत जातो यावर ड्यूईंची भिस्त जास्त होती. चवदार तळ्याचे पाणी नुसत्या समजुतीने मिळत नाही हे बाबासाहेबांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून त्यांनी सत्याग्रह केले, कायदे केले, शेवटी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर केले. आणि शाळा-कॉलेजेही काढली. १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ चे मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज त्यांचेच. गुरूने दिलेले अवजार शिष्याने आपल्या कामाच्या मापाने पुन्हा घडवून घेतले, असे मला वाटते. चांगल्या फिटरला हे वेगळे सांगायला नको.

निवृत्तीनंतरची बावीस वर्षे

ड्यूईंचे आयुष्य लांब होते तसे दुःखाचेही. दोन मुलगे लहानपणीच गेले, १८९५ मध्ये मॉरिस आणि १९०४ मध्ये आठ वर्षांचा गॉर्डन. दोघेही परदेशप्रवासात. दुसऱ्या आघातानंतर त्याच प्रवासात या जोडप्याने साबिनो नावाचा एक इटालियन मुलगा दत्तक घेतला. १९२७ मध्ये ॲलिसबाई वारल्या.

वयाच्या ५९ व्या वर्षी ते चीनला गेले. १९१९ च्या मे महिन्यात तिथे विद्यार्थ्यांचे ते प्रसिद्ध आंदोलन पेटले, त्याच्या काही दिवस आधी ते पोहोचले होते. थोड्या मुक्कामासाठी गेलेले ड्यूई दोन वर्षांहून जास्त राहिले. त्यांचे एक चिनी विद्यार्थी ताओ यांनी आधी ‘झीशिंग’, म्हणजे ज्ञान-कृती, असे नाव घेतले होते. खेड्यांत शाळा चालवल्यावर त्यांनी ते उलटे केले, ‘शिंगझी’, म्हणजे कृती-ज्ञान. आधी करणे, मग जाणणे.

ड्यूईंच्या सगळ्याच भूमिका टिकल्या असे नाही. १९१७ साली अमेरिकेने पहिल्या महायुद्धात उतरावे असे त्यांनी म्हटले, तेव्हा रँडॉल्फ बोर्न या त्यांच्याच तरुण विद्यार्थ्याने त्यांच्यावर कडक टीका केली. पुढे युद्धच बेकायदा ठरवावे या चळवळीत ड्यूई सामील झाले. अनुभवाने मत बदलते हे त्यांनी स्वतःलाही लावून घेतले.

१९३० साली ते निवृत्त झाले आणि त्यापुढे बावीस वर्षे जगले. आपल्याकडे साठाव्या वर्षी निरोप समारंभ झाला की माणूस सकाळी फिरायला जायला मोकळा होतो. ड्यूईंनी सत्तरीनंतर कला आणि तर्कशास्त्र यांवरचे आपले मोठे ग्रंथ लिहिले. १९३७ मध्ये, ७७ व्या वर्षी, ते मेक्सिकोला गेले. स्टालिनने ट्रॉट्स्कीवर केलेल्या आरोपांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. ट्रॉट्स्कीची मते त्यांना मान्य नव्हती, पण आरोप झालेल्या माणसाला बाजू मांडता आली पाहिजे हे मान्य होते. आयोगाने आरोप खोटे ठरवले.

लाँग आयलंडला त्यांची छोटी शेतवाडी होती. तिथली अंडी आणि भाजी ते आजूबाजूला विकत. एक गोष्ट सांगितली जाते की एका श्रीमंत घरी ते मळक्या कपड्यांत अंडी पोहोचवून आले. पुढे त्या बाईंनी थोर तत्त्वज्ञ ड्यूईंना मेजवानीला बोलावले, आणि दारात उभा राहिला तो अंडीवाला! १९४६ मध्ये ८७ व्या वर्षी त्यांनी रॉबर्टा ग्रँट यांच्याशी लग्न केले आणि युद्धात पोरकी झालेली दोन मुले दत्तक घेतली. ज्या वयात आपण नातवंडांच्या आवाजाने वैतागतो त्या वयात हा माणूस पुन्हा बाप झाला.

१९५१ च्या अखेरीस पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. १ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने ते गेले. वय ९२.

आणि त्याच वेळी बाबासाहेब विमानाने न्यूयॉर्कला निघाले होते. ५ जूनला कोलंबिया विद्यापीठ त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देणार होते. जुन्या गुरूंना भेटण्याची त्यांना ओढ होती. वाटेत, विमान रोमला असताना ड्यूई गेले, असे त्यांना कळले. न्यूयॉर्कहून माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले सारे बौद्धिक आयुष्य ड्यूईंचे देणे असल्याचे सांगून हळहळ व्यक्त केली. त्या वेळी बाबासाहेब ६१ वर्षांचे होते. घटना लिहून झाली होती, मंत्रिपद भूषवून झाले होते. एवढ्या उंचीवरच्या माणसाला आपला वर्गातला मास्तर भेटला नाही याचे दुःख व्हावे, यातच ड्यूईंची सारी थोरवी आली.

आपल्या शेडमध्ये आणि मंडपात

हे सगळे आपल्याला कशासाठी, असे वाचक विचारतील. मी माझ्यापुरते सांगतो.

मी नवखा असताना आमच्याकडे एक जुने मिस्त्री होते. लोको शेडमध्ये शिरला की ते आधी चाकांपाशी जात, ॲक्सल बॉक्सवर हाताची मागची बाजू टेकवत आणि कोणते बेअरिंग पुढच्या फेरीला दगा देणार ते सांगत. बहुधा ते बरोबर निघे. पुढे अहवाल तयार होई तेव्हा त्यात लिहिले जाई, ‘असे आढळून आले’. कोणाला आढळले, ते नाही. लिहिणाऱ्याची सही असे, हात लावणाऱ्याचे नाव नसे. आता तापमान मोजायची उपकरणे आली, पण ते कर्मणी वाक्य तसेच आहे. डिप्लोमावाल्यांना हे दोन्हीकडून दिसते, कारण आम्ही बरोबर मध्ये उभे असतो. वरचे आम्हाला हातवाले समजतात आणि खालचे कागदवाले.

ड्यूई वाचल्यापासून आयटीआयची नवी अप्रेंटिस मुले आली की मी आधी आकृती काढत नाही. जळालेला भाग त्यांच्या हातात देतो आणि विचारतो, हा कशाने जळाला असेल? पहिले दोन दिवस सगळे गप्प असतात. तिसऱ्या दिवशी एखादा काहीतरी तर्क करतो, दुसरा तो खोडतो. मग आकृती तेच मागतात. अशा वेळी कोण कुठून आला, कुणाचे आडनाव काय, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. वेळ मात्र जास्त लागतो, हे खरे.

आपल्या घरांत दहावी झाली की मुलाला कोट्याला पाठवायचे की रायपूरला, एवढाच प्रश्न असतो. गाव सोडून इतक्या लांब आलेल्या माणसाला मुलाने पुढे जावे असे वाटणारच, त्यात चूक नाही. पण गेल्या वर्षी आपल्या आराशीत मुलांनी पुठ्ठ्याचा रेल्वे पूल केला होता, तो आठवा. दोनदा कोसळला. तिसऱ्या खेपेला पोरांनी आपसांत भांडून आडव्या पट्ट्यांत तिरक्या पट्ट्या घातल्या, त्रिकोण तयार झाले आणि पूल दहा दिवस उभा राहिला. ट्रस म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. ते भांडण, ते कोसळणे आणि तो पूल, हे सर्व मिळून शिक्षण आहे, आणि त्याला गुण नाहीत म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाही.

आणखी एक सांगतो, थोडे कडू वाटले तर गोड मानून घ्यावे. आपल्या मंडपाचे बांबू रोवणारे, तारा ओढणारे, महाप्रसादाची भांडी घासणारे लोक वर्षानुवर्षे तेच आहेत. कार्यकारिणीच्या सभेला त्यांच्यापैकी कुणी नसते, आणि पंगत शेवटची त्यांची. कुणी मुद्दाम असे करत नाही, ते आपोआप होत आले आहे. ड्यूई आणि बाबासाहेब ज्या भिंतीविषयी बोलत होते ती अशीच आपोआप उभी राहते. मंडप गेल्या वेळी पावसात का वाकला, हे बांबू रोवणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुढील वर्षीच्या पहिल्या सभेला त्यांना चहाला नव्हे, चर्चेला बोलवावे आणि त्यांचे म्हणणे त्यांच्या नावानिशी इतिवृत्तात लिहावे, अशी माझी मंडळाला नम्र सूचना आहे. इतिवृत्त लिहायला मी तयार आहे.

ड्यूईंच्या अस्थी त्यांच्या जन्मगावी, बर्लिंग्टनला, विद्यापीठाच्या आवारात आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या बाबासाहेबांनी वाचलेल्या, पेन्सिलीने खुणा केलेल्या प्रती मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजच्या संग्रहात आहेत. दोन्हींपैकी एकच ठिकाण पाहायला मिळणार असेल तर मी त्या खुणा पाहायला जाईन.

सर्वांना गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.